भुताचा मालक कोण?



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमच्या नावापुढे एकही पदवी नाही. शाळा नववीत सुटली ती कायमचीच. पुढचे जे काय शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटापाशी झाले. व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या, आणि त्यांवर आम्ही गेटवर रोज बोलतोच. तेव्हा आम्ही त्यांना म्हटले की, वसंताची संध्याकाळ आहे, लोक घरची कामे आटोपून येणार, आम्ही भुतांवर बोलतो. चिटणिसांनी आमच्याकडे जरा संशयाने पाहिले. आम्ही खुलासा केला की, भुतांवर म्हणजे भुतांच्या सिनेमांवर. तरी त्यांचा संशय पुरता गेला नाही. आपलाही गेला नसेल.

आम्ही सिनेमाचे जाणकार नाही, हे आधीच कबूल करतो. कॅमेरा कुठे ठेवला, प्रकाश कसा पाडला, यातले आम्हांला काही कळत नाही. आठवड्याची धावपळ संपली की रविवारी रात्री आमची कन्या काहीतरी लावते आणि आम्ही शेजारी बसून शेंगा सोलता सोलता पाहतो. कधी चित्रगृहातही जातो. असा हा साधा प्रेक्षक. परंतु कारखान्यात जो यंत्र चालवतो त्याला यंत्राबद्दल बोलण्याचा अधिकार असतो, मग तो इंजिनियर नसेना का. तद्वतच जो तिकीट काढतो आणि घाबरतो, त्याला आपण कशाला घाबरलो हे सांगण्याचा अधिकार आहे, एवढेच आमचे म्हणणे.

भुतांचे सिनेमे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. १९८४ साली रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आला, तेव्हा आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे होतो. त्यातला सामरी पडद्यावर आला की पुढच्या रांगेतली पोरे बाकाखाली जात. मध्यंतरात तीच पोरे वडापाव खात सामरीची नक्कल करीत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके वाचनालयात रांग लावून मिळत असत. धारपांचे एक पुस्तक आम्ही कंदिलाच्या उजेडात वाचले आणि रात्री परसात जाण्यासाठी आईला उठवले. आई म्हणाली, "दिवसा पुढारीपणा करतोस आणि रात्री आईला उठवतोस?" तात्पर्य, भीतीचा आम्हांला अनुभव आहे. तेव्हा सिनेमातले भूत पाहून हसणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे.

आता सिनेमाकडे वळण्यापूर्वी एका खऱ्या भुताची हकीकत सांगणे भाग आहे. कारण आम्ही कोणताही राक्षसपट पाहतो तो त्या हकीकतीच्या चष्म्यातून पाहतो. चष्मा कसला आहे हे कळल्याशिवाय आमच्या मतांची किंमत आपल्याला करता येणार नाही.

१९९७ चा पावसाळा. एका रासायनिक कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, जमिनीखाली सांडपाण्याची एक टाकी होती. तिच्या तळाशी गाळ साचे. तो काढण्यासाठी ठेकेदाराची माणसे आत उतरत. त्या टाकीत भूत आहे, असे तिसऱ्या पाळीचे लोक म्हणत. आणि ते भूत मोठे विलक्षण होते. जुने लोक नव्या पोरांना बजावीत, "सडका वास येतो तोवर तो लांब आहे. वास यायचा बंद झाला की समज, तो जवळ आला." त्या श्रावणात एक कंत्राटी हेल्पर आत उतरला आणि खाली कोसळला. त्याच्या गावचाच एक सोबती वरून हे पाहत होता. तो धावत शिडीने खाली गेला, आणि तोही कोसळला. दोघेही गेले. लोक म्हणाले, "भुताने एकाला धरले, आणि सोडवायला गेला त्यालाही ओढले."

पुढे काय झाले ते ऐका. कारखान्याने भगत आणवला. नारळ फुटले, कोंबडे कापले गेले, टाकीच्या तोंडावर लिंबू-मिरच्या बांधल्या गेल्या. हा सारा खर्च कंपनीने केला, आणि हसतमुखाने केला. आमच्या कामगारांना वाटले, मालक किती भला! आम्ही स्वतः त्या वेळी युनियनचे काम नुकतेच हाती घेतलेले. आम्ही काय केले असेल? आम्ही हात जोडून उभे राहिलो आणि प्रसाद घेतला. पुढे चार महिने आम्ही त्या टाकीबद्दल एक अक्षर लिहिले नाही. आज ही गोष्ट सांगताना मान खाली जाते. पण ती वगळली तर बाकीचे सारे बोलणे खोटे ठरेल.

मार्गशीर्षात तिसरा माणूस उतरण्याची पाळी आली. तेथे एक म्हातारा फिटर होता. त्याने हट्ट धरला की, कमरेला दोर बांधल्यावाचून कुणी आत जायचे नाही आणि दोराचे टोक वर दोघांनी धरायचे. मुकादम चिडला, उशीर होतो म्हणाला. फिटर म्हणाला, "भूत असेल तर असू दे. दोर आपला आहे." तो पोरगा उतरला, अर्ध्या मिनिटात लटपटला, आणि वर ओढला गेला. जिवंत निघाला. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन, त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे छत्तिसावे कलम आम्ही बोट ठेवून ठेवून वाचले. विषारी वायूचा धोका असलेल्या टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी वायू काढून टाकावा आणि जाणकाराने तपासून लेखी दाखला द्यावा. नाही तर उतरणाऱ्याला श्वासाचे साधन द्यावे, पट्टा आणि दोर द्यावा, आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. म्हाताऱ्या फिटरला जे अनुभवाने उमगले होते, ते कायद्यात पन्नास वर्षे छापलेले पडले होते.

आणि भूत? सडणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण फार वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास बंद होतो तो वायू संपला म्हणून नव्हे, वाढला म्हणून. म्हणजे पाहा, तिसऱ्या पाळीच्या अडाणी म्हटलेल्या माणसांनी केलेले निरीक्षण अक्षरशः खरे होते. वास गेला की तो जवळ आला! त्यांचे डोळे आणि नाक चुकले नव्हते. चुकले होते फक्त नाव. आणि त्या चुकीच्या नावाचा लाभ कुणाला झाला? भगताचा खर्च पंख्याच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी होता, आणि भुतावर खटला चालत नाही.

तेव्हापासून भुताची कोणतीही गोष्ट ऐकली की आम्ही मनात दोन प्रश्न विचारतो. या भुताचा मालक कोण? आणि टाकीत पहिल्यांदा कोणाला उतरवले? हीच आमची सिनेमाची कसोटी. आता सिनेमे पाहू.

राक्षसपटांचा आजोबा म्हणजे जपानचा 'गॉडझिला'. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटापाशी हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या हद्दीबाहेर एक जपानी मासेमारी नौका होती. तिच्यावर तेवीस खलाशी होते. आकाशातून पांढरी राख त्यांच्या अंगावर पडली. तिचा बिनतारी संदेश पाठवणारा माणूस २३ सप्टेंबरला वारला. आणि ३ नोव्हेंबर १९५४ ला 'गॉडझिला' पडद्यावर आला. इशिरो होंडा यांच्या त्या सिनेमाचा आरंभच समुद्रातल्या एका जहाजाने होतो. लख्ख उजेड पडतो आणि जहाज बुडते. जपानी प्रेक्षकांना त्या उजेडाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसेल. त्या राक्षसाला बॉम्बने जागे केले, असे सिनेमा स्वच्छ सांगतो. मालकाचा पत्ता आहे. पहिले बळी कोण? नावाडी आणि कोळी.

या सिनेमाविषयी आणखी दोन गोष्टी आमच्यासारख्याला फार जवळच्या वाटतात. एक म्हणजे, हा राक्षस काही यंत्र नव्हता. जाड रबरी कातड्याच्या आत एक माणूस होता, त्याचे नाव हारुओ नाकाजिमा. पोशाख इतका जड की त्यात चालणे मुश्कील, आणि वर दिव्यांची भट्टी. घामाने निथळत तो टोकियोची खेळण्यातली घरे तुडवीत होता. पुढे कित्येक वर्षे त्याने हे काम केले. २०१७ साली तो वारला. जगाला राक्षस माहीत आहे, राक्षसाच्या पोटातला कामगार फारसा कुणाला माहीत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या तोहो कंपनीने हा सिनेमा काढला, तिच्या चित्रनगरीत १९४८ साली कामगारांचा मोठा संप झाला होता. नोकरकपातीविरुद्ध लोकांनी स्टुडिओ महिनोन्‌महिने ताब्यात ठेवला. १९ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांना बाहेर काढायला जपानी पोलिस आले, आणि त्यांच्या पाठीशी अमेरिकन सैन्याचे रणगाडे आले, आकाशात विमानेही आली. सहा वर्षांनी त्याच कंपनीच्या पडद्यावर रणगाडे आणि विमाने राक्षसावर चालून गेली. संपवाल्यांवर आलेले रणगाडे खरे होते, राक्षसावरचे पुष्कळसे खेळण्यातले.

आपण अलीकडच्या सिनेमांवर बोलायचे म्हणून आलो, तेव्हा नव्या 'गॉडझिला'कडे येतो. २०१६ साली जपानात 'शिन गॉडझिला' निघाला. २०११ मध्ये तिकडे भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमाची अणुभट्टी फुटली. त्यानंतरचा हा सिनेमा. त्यात राक्षस शहर तुडवतो आहे आणि अधिकारी या खोलीतून त्या खोलीत बैठकीला जात आहेत. आमची कन्या म्हणाली, "बाबा, हे कंटाळवाणे आहे." आम्हांला मात्र तेच सर्वांत भयानक वाटले. वाटाघाटींच्या अशा बैठकांत आमचे आयुष्य गेले. या प्रकरणी निर्णय घेण्याचा अधिकार आपल्या खात्याचा नाही, हे वाक्य कुठल्याही राक्षसाच्या डरकाळीपेक्षा अधिक माणसे मारते.

पण आम्हांला सर्वांत आवडला तो २०२३ सालचा 'गॉडझिला मायनस वन'. ताकाशी यामाझाकी यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. दृश्यांच्या करामतीबद्दल त्याला २०२४ साली ऑस्कर मिळाले. ही करामत अवघ्या पस्तीस जणांच्या तुकडीने केली. मोठ्या अमेरिकन सिनेमांच्या मानाने खर्च अगदीच थोडा. वर्तमानपत्रांनी या काटकसरीचे फार कौतुक केले. आम्हीही करतो, पण युनियनवाल्याची खोड जात नाही. पस्तीस जणांत काम झाले हे वाचल्याबरोबर आमच्या मनात आले की, रात्री किती वाजता घरी जात होते बिचारे?

या सिनेमाची गोष्ट १९४५ ते १९४७ ची आहे. शिकिशिमा नावाचा एक वैमानिक. विमानासह शत्रूच्या जहाजावर आदळून मरण्याचा त्याला हुकूम. तो विमान बिघडल्याचे सोंग करून एका बेटावर उतरतो. युद्ध संपते, तो जळलेल्या टोकियोत परत येतो, आणि शेजारीण त्याला विचारते की, तू जिवंत का आलास? पोटासाठी तो समुद्रातले सुरुंग काढण्याचे काम धरतो. लाकडी होडी, जिवाचा धोका, मजुरी बरी. हे काम आम्ही ओळखतो. असली कामे नेहमी गरजवंताकडेच येतात. पुढे राक्षस येतो, आणि सरकार हात वर करते. मग नौदलातून मोकळे झालेली साधी माणसे एका खोलीत जमतात. त्यांना सांगितले जाते की, हा हुकूम नाही, ज्याला घरी जायचे आहे त्याने खुशाल जावे. आणि काही जण उठून खरोखरच जातात! त्यांना कुणी भ्याड म्हणत नाही. हे पाहताना आमच्या हातातली शेंग हातातच राहिली. संपाच्या मतदानाची सभा अशीच व्हायला हवी, आणि आम्हीच घेतलेल्या कितीतरी सभा अशा झाल्या नाहीत.

त्याच सिनेमात एक शास्त्रज्ञ म्हणतो, त्याचा आशय असा की, आपल्या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त मानला, विमानांत सुटकेची खुर्चीसुद्धा बसवली नाही. या खेपेस कुणी मरण्यासाठी जाणार नाही, सारे जगण्यासाठी जातील. शेवटी त्या वैमानिकाच्या विमानात एक यंत्रकामगार सुटकेची खुर्ची बसवून देतो. सिनेमा न पाहिलेल्यांची क्षमा मागून हे सांगितले. आम्हांला तेथे आमचा म्हातारा फिटर दिसला. दोर आपला आहे!

कोरियाकडेही पाहू. २००० साली सोल शहरातल्या अमेरिकन लष्करी तळावर फॉर्मल्डिहाइड नावाचे विषारी रसायन मोरीत ओतले गेले. ती मोरी हान नदीला मिळते. बाँग जून-हो यांनी २००६ साली 'द होस्ट' काढला, तो याच प्रसंगाने सुरू होतो. त्या रसायनातून नदीत एक अक्राळविक्राळ प्राणी वाढतो आणि भर दिवसा, उन्हात, सहलीला आलेल्या लोकांवर धावतो. ज्याची पोर तो उचलून नेतो, तो नदीकाठी खाऊची टपरी चालवणारा गरीब माणूस. पोर जिवंत आहे, असे तो ओरडून सांगतो. सरकार त्यालाच रोगी ठरवून कोंडून ठेवते. अपघातानंतर मेलेल्याच्या बापाला पोलिस चौकीत बसवून ठेवलेले आम्ही पाहिले आहे. म्हणून सांगतो, या सिनेमात खोटा असा तो प्राणी तेवढाच आहे.

२०१६ चा 'ट्रेन टू बुसान' हा चालत्या प्रेतांचा सिनेमा. सोलहून बुसानला निघालेली वेगवान गाडी, आणि डब्याडब्यांत पसरणारी साथ. ही साथ ज्या कंपनीतून फुटली, तिला पैसा पुरवणाऱ्यांपैकीच एक जण आपल्या लेकीसह त्या गाडीत आहे. मालकाचा पत्ता असा थेट डब्यातच मिळतो. पण दुसरे एक पात्र पाहा. बस कंपनीचा एक बडा अधिकारी, जो घाबरलेल्या लोकांना भरीस घालून वाचून आलेल्यांना डब्याबाहेर ठेवायला लावतो. आणि गाडीचा चालक? तो शेवटपर्यंत आपले कर्तव्य करीत राहतो, दुसरे इंजिन शोधतो, आणि त्याच अधिकाऱ्याला हात द्यायला जाऊन मरतो. आमच्या रेल्वेतल्या मित्रांना हा सिनेमा आम्ही मुद्दाम पाहायला लावला.

आता आपल्या घरी येऊ. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला. पहिल्या खेपेस फारसा चालला नाही. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला, तेव्हा लोकांनी गर्दी केली आणि पहिल्यापेक्षा अधिक पैसा झाला. कोकणातला पाऊस, पडका वाडा, आणि वाड्याच्या पोटातली विहीर. तळाशी हस्तर नावाचा उपाशी देव. त्याला सोने मिळाले, अन्न मिळाले नाही. विनायकराव दोराने खाली उतरतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो, आणि हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतून मोहरा पळवतो. चार-दोन मोहरा, पुन्हा शहरात चैन, पुन्हा पाऊस, पुन्हा विहीर. आम्ही पाहत होतो आणि अंगावर काटा येत होता. विहीर, दोर, खाली वास पाहणारा मृत्यू! आणि सर्वांत भयंकर जागा कोणती? हस्तर येतो ती नव्हे. बाप आपल्या लंगड्या पोराला विहिरीत उतरण्याची तालीम देतो ती. आपल्या चाळींतून बाप म्हणत असे, माझ्या जागी माझ्या पोराला लावून घ्या. फुप्फुसात कापसाची धूळ गेलेली, तरी पोराने त्याच खात्यात जावे. सिनेमातला विनायक लोभापायी पोराला उतरवतो. आमचा माणूस भुकेपायी उतरवत होता. हा फरक लहान नाही, पण विहीर तीच.

आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' २०२४ चा. पिंपळावरचा मुंज्या आपल्या आज्यांच्या गोष्टीतला, तो संगणकाने घडवून पडद्यावर उड्या मारू लागला. आम्ही पुष्कळ हसलो. भूत कोकणातले आणि भाषा हिंदी, याचा थोडा विषादही वाटला, पण ते असो. त्यात एक बरी गोष्ट आहे. मुंज्याचा हट्ट काय? लग्न. मुलीला काय हवे, हे त्याला विचारायचेच नाही. 'नाही' हा शब्द न ऐकणारा पोरगा मेल्यावर भूत होतो, असे सिनेमा सांगतो. आमच्या कन्येने शेरा मारला, "मेल्यावर कशाला, जिवंतपणीच होतो."

अमर कौशिक यांचा 'स्त्री' २०१८ साली आला, आणि त्याचा दुसरा भाग १५ ऑगस्ट २०२४ ला. पहिल्या भागात चंदेरी गावात रात्री एक स्त्रीभूत पुरुषांना पळवते, म्हणून पुरुष संध्याकाळी घराबाहेर पडायला भितात आणि बायकोला म्हणतात, लवकर ये, भीती वाटते. चित्रगृहात पुरुष हसत होते. बायका त्याहून मोठ्याने हसत होत्या, आणि त्यांच्या हसण्यात काहीतरी निराळे होते. आमच्या युनियनमधल्या बायका दुसरी पाळी सुटल्यावर रात्री साडेअकराला गेटबाहेर उभ्या असतात. त्यांची भीती भुताची नाही. रस्त्यावर दिवा नसतो, बस येत नसते. बससाठी आम्ही अर्ज केले आणि मोर्चे काढले. बस मिळाली, तिसऱ्या महिन्यात बंद पडली, पुन्हा मोर्चा काढला. दुसऱ्या भागात शीर नसलेला राक्षस गावच्या शिकलेल्या मुली उचलून नेतो. कल्पना चांगली, पण तिथे नाचगाणी फार झाली, असे आमचे मत.

आता थोडी तक्रार. बहुतेक भुताचे सिनेमे या कसोटीला उतरत नाहीत. शांतता, शांतता, आणि एकदम कानाशी थाळी आपटावी तसा आवाज. याला भीती म्हणत नाहीत, दचकणे म्हणतात. ते तर आमच्या मागे मोटारीचा भोंगा वाजवूनही साधते, त्याला तिकीट कशाला? दुसरे, कितीतरी सिनेमांत भूत म्हणजे केस मोकळे सोडलेली बाई, आणि उपाय म्हणजे मांत्रिक. हे आम्हांला हसण्यावारी नेता येत नाही. डाकीण ठरवून बायकांना मारहाण करण्याचे, जिवे मारण्याचे प्रकार आपल्या राज्यात झालेले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. असल्या सिनेमांवर बंदी घाला, असे आम्ही म्हणणार नाही. बंदीचा हुकूम काढणाऱ्यांचा आम्हांला पुरेसा अनुभव आहे. तो हुकूम शेवटी आमच्याच पथनाट्यावर येतो. एवढेच म्हणतो की, मांत्रिक यशस्वी होताना दिसला की आम्हांला ते नारळ आणि ते कोंबडे आठवतात.

येथवर आल्यावर आमच्या कन्येचा आक्षेप सांगणे न्यायाचे होईल. ती म्हणते, "बाबा, तुम्हांला प्रत्येक भुतात मालक दिसतो. काही भीतींना मालक नसतो." यावर आम्ही वाद घातला, आणि हरलो. हरलो ते 'भूतकालम' नावाच्या मल्याळी सिनेमामुळे. राहुल सदाशिवन यांचा तो २०२२ सालचा सिनेमा तिने आम्हांला दाखवला. एक आई आणि तिचा बेकार मुलगा, एक भाड्याचे घर, आणि नुकतीच वारलेली आजी. आई मनाने खचलेली आहे. मुलाला रात्री काहीबाही दिसते. डॉक्टर, नातेवाईक, शेजारी, सारे म्हणतात की पोरगा बिघडला. भूत खरे की आजार खरा, हे बराच वेळ कळत नाही. रेवती यांनी त्यात आईचे काम असे केले आहे की आम्हांला आमची आई आठवली. बाप गेल्यावर ती रात्र रात्र खाटेवर बसून राहत असे, आणि आम्ही सभांतून रात्री एकला येऊन तिला विचारीत असू, "अजून झोपली नाहीस?" उत्तराची वाट न पाहता आम्ही झोपत असू. तिच्या भीतीला कोण मालक होता? कुणी नाही. तिच्यासाठी कोणत्या कचेरीत अर्ज द्यायचा होता? कोठेच नाही. कुणीतरी शेजारी बसायला हवे होते, एवढेच.

तेव्हा आमच्या कसोटीत आम्ही दुरुस्ती करतो. ज्या भुताला मालक आहे, त्याच्या मालकाचा पत्ता लावावा. ज्या भुताला मालक नाही, त्याच्यापुढे माणसाला एकटे सोडू नये. चांगला भयपट या दोहोंपैकी एक तरी काम करतो. वाईट भयपट माणसाला दचकवून घरी पाठवतो.

त्या टाकीचे पुढे काय झाले, हे सांगून संपवतो. नोटीस दिली, कारखाना निरीक्षकाकडे खेटे घातले, एक दिवस काम बंद ठेवले. शेवटी हवा खेळवणारा ब्लोअर आला, वायू मोजण्याचे यंत्र आले, लेखी परवान्यावाचून उतरणे बंद झाले. त्यानंतर त्या टाकीत कुणी मेला नाही. लिंबू-मिरच्या मात्र दर शनिवारी बदलत राहिल्या. त्या काढून टाका, असा आमच्यातल्या काही तरुणांचा आग्रह होता. म्हाताऱ्या फिटरने त्यांना थांबवले. म्हणाला, "राहू दे रे. फक्त आधी मीटर बघायचे, मग लिंबाकडे." आम्हीही त्या काढल्या नाहीत. ज्या दोन बायका विधवा झाल्या, त्यांच्या भरपाईचा दावा मात्र सहा वर्षे चालला. पहिले चार महिने आम्ही गप्प बसलो नसतो, तर तो लवकर संपला असता की काय, हे आम्हांला आजही सांगता येत नाही. आमच्या वाटचे भूत ते.

आपण घरी जाताना रस्त्यात अंधार लागेल. मागे वळून पाहावेसे वाटले तर खुशाल पाहा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण तो दिवा का लागत नाही, हे उद्या सकाळी नगरपालिकेत जाऊन विचाराही.